खोबरेल आणि मेण

बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली मी काम केलं असं कुणाला सांगितलं की समोरच्याला वाटतं, म्हातारा तरुणपणी धीट असणार. मी कधीच धीट नव्हतो. पहिल्या दिवशी परब मास्तरांनी माझ्या हातात एक जुनी दुनळी दिली तेव्हा माझ्या तळहाताला एवढा घाम सुटला की ती निसटून पडायचीच राहिली. मास्तर म्हणाले, "वश्या, ती रिकामी आहे रे. काडतूस नाय तिच्यात. तू काय नवरीसारखा थरथरतोस?" ती रिकामी आहे हे मला पण दिसत होतं. पण बंदूक रिकामी असली तरी ती बंदूकच असते, आणि तिचं तोंड कुठेतरी असतंच. पुढे कित्येक वर्षं मी ते काम केलं, पण कारखान्याचं लोखंडी जाळीचं दार उघडताना सगळ्या नळ्यांची तोंडं कुठे आहेत ते आधी डोकावून बघितलं नाही असा एक दिवस आठवत नाही. भीतीची सवय होते म्हणतात. मला नाही झाली. माझी बायको कमल गेल्यापासून तर संध्याकाळी दिवा लावायला उठायची पण भीती वाटते. ती वेगळी भीती. तिच्याबद्दल मला नीट लिहिता यायचं नाही, मी सातवीपर्यंतच शाळा पाहिलेली.

तेव्हा आम्ही मरोळला राहायचो, आरेच्या अंगाला. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, पत्र्यावर आंब्याची फांदी टेकलेली. वारा सुटला की ती रात्रभर पत्रा खरवडायची. पहाटे आरेच्या गोठ्यातल्या म्हशी ओरडायच्या. थंडीत तो आवाज अगदी उशाशी यायचा. मग दुधाच्या गाडीचा खडखडाट, मग शेजारणीचा स्टोव्ह, मग आमचा. आई गावाला होती, काकांच्या घरी. इथे माझे वडील आबा, मी आणि कमल. कमल घाटकोपरची, तिथल्या चाळीत वाढलेली, बोलायला फटकळ. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तांदळाची भाकरी तिला येत नव्हती. आबांच्या पुढे ठेवताना ती म्हणायची, "नकाशा झालाय, पण शिजलीय." आबा सुकटाची चटणी आणि भाकरी खाऊन, पाणी पिऊन परत बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे.

आबा गिरणीत सुतार. मागाचे लाकडी भाग त्यांच्या हातचे. गिरणी बंद पडली ती पडलीच. पहिले काही महिने ते रोज धुतलेला शर्ट घालून गेटवर जायचे, मग आठवड्यातून एकदा, मग नाहीच. त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. आमच्याच चाळीत दोन दारं सोडून एक गिरणीवाला राहायचा, आबांच्याच वयाचा. एका सकाळी तो बायकोला "आलोच" म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही. पोलिसांना कळवलं, गावाला तारा केल्या. काही नाही. त्या दिवसापासून आबा चप्पल घालायला लागले की कमलच्या हातातलं काम थांबायचं. "कुठे निघालात?" ती विचारायची. "संडासाक," आबा म्हणायचे, "तिथे पण येतंस?" ती लाजायची, पण ते परत येईपर्यंत दारातून हलायची नाही. आबा पण तसेच निघून जातील, ही आमच्या घरातली भीती. कुणी तिचं नाव घ्यायचं नाही.

परब मास्तर पूर्वी पलटणीत होते. तिथे रायफली दुरुस्त करायचे, सुटल्यावर रीतसर परवाना काढून मरोळला कारखाना टाकला. माणूस आमच्याच मुलखातला, पण तोंडाचा भारी वाईट. दोन कारागीर त्यांच्या शिव्या खाऊन पळाले होते. त्यांचा बंदुकीच्या लाकडी दस्त्यांचं काम करणारा सुतार गावी निघून गेला तेव्हा मी धीर करून आबांचं नाव काढलं. मास्तर म्हणाले, "गिरणीतलो मेस्त्री? मागाचा लाकूड आणि रायफलीचा लाकूड एक नाय रे. बरा, एक काम देतंय. जमला तर ठेवतलंय. नाय जमला तर तुझ्या बापाशीच्या तोंडावर सांगतलंय, मागाहून रडू नको."

ते आबांना सांगितलं तेव्हा ते उठून बसले. माळ्यावरून पेटी काढली आणि दिवसभर पटाशीला धार लावत बसले. कमल मला खुणेनं म्हणाली, बघा. मी बघितलं आणि मला आनंद व्हायच्या जागी धडकीच भरली. हा माणूस आता परत उभा राहिलाय. आता याला कुणी खाली पाडलं तर?

काम एका मोठ्या साहेबांच्या रायफलीचं होतं. परदेशी बनावटीची, निशाणेबाजीच्या स्पर्धेची. आपल्या हवेनं दस्त्याचं लाकूड आकसलं होतं. पोलादाचा भाग, म्हणजे नळी आणि तिच्या मुळाशी असतं ते बोल्टचं घर, लाकडाच्या खाचेत घट्ट बसायला हवा. तो हलायला लागला होता, त्यामुळे गोळी दर वेळेला वेगळीकडे जायची. त्यावर उपाय असा की खाच थोडी कोरायची, तिच्यात दोन डब्यांतलं रेझिन आणि ते कडक करणारं हार्डनर कालवून भरायचं आणि ओलं असतानाच वरून पोलाद बसवायचं. मिश्रण दगडासारखं कडक होतं आणि पोलादाचा हुबेहूब साचा तयार होतो. मग पोलाद काढून घ्यायचं, साफसफाई करायची आणि परत बसवायचं. यात सगळी मेख एकच. ते मिश्रण लाकडाला चिकटलं पाहिजे आणि पोलादाला चिकटता कामा नये. म्हणून पोलादाला आधी काहीतरी लावायचं. ते चुकलं तर लाकूड आणि पोलाद जन्माचं एक झालं. मग फोडल्याशिवाय सुटत नाही, आणि फोडायची म्हणजे साहेबाची रायफल फोडायची.

काय लावायचं हे मास्तरांनी सांगितलं होतं. मेण, पॉलिशचं. दोन पातळ हात, सुकलं की फडक्यानं चकाकवायचं. स्क्रूच्या भोकांत पोरांची खेळायची रंगीत माती भरायची, नाहीतर मिश्रण आत शिरून तिथेच पाचर बसते. पण आबा जुने कारागीर. कुणी सांगितलं म्हणून करायचं हे त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणाले, पहिलं करून बघूया. मास्तरांनाही ते आवडलं, मला दिसलं. आबांनी लोखंडाच्या पट्ट्या घेतल्या, शिसवीचे तुकडे घेतले आणि एकेका पट्टीला एकेक गोष्ट लावली. एकीला मेण, एकीला बूट पॉलिश, एकीला ग्रीस, आणि एकीला खोबरेल. खोबरेल कमलच्या बाटलीतलं. जानेवारीचे दिवस होते, आरेकडून गार वारा यायचा. बाटलीतलं तेल गोठून पांढरंशुभ्र झालं होतं. ती रोज ती बाटली केस विंचरायच्या आधी उन्हात ठेवायची. आबांनी बोटानं ते गोठलेलं तेल उचललं आणि पट्टीवर मेणासारखं फिरवलं. "ह्या बघ," ते मला म्हणाले, "गणपतीच्या साच्याक पण तेलच लावतत. काय चिकटता?"

दुसऱ्या दिवशी पट्ट्या ओढून बघितल्या. ग्रीसची खडबडीत निघाली, साच्यावर खड्डे पडले. पॉलिशची बरी, मेणाची चांगली. आणि खोबरेलाची पट्टी हातात घेतली तर आपोआप सुटली, खालचा साचा आरशासारखा. आबा हसले. किती महिन्यांनी हसले मी सांगू शकत नाही. मास्तरांनी पट्टी उलटसुलट केली, नाक फेंदारलं आणि म्हणाले, "गोड निघाली. तरी मेस्त्री, रायफलीक मेणच लावा. माका केसाच्या तेलावर विश्वास नाय."

त्यानंतर मास्तर परवान्याच्या कामाला मुंबईत गेले, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी यायचे होते. बोल्ट आणि बाकीचे भाग त्यांच्या कपाटात कुलपात. आमच्याकडे उरली ती नुसती नळी, बोल्टचं घर आणि दस्ता. मला त्यांनी गिऱ्हाइकाकडे जोगेश्वरीला पाठवलं होतं. परत आलो तेव्हा काम होऊन गेलं होतं. रायफल उताणी, चिंध्यांनी बांधलेली, आबा शेजारी बिडी ओढत बसलेले, आणि कमल दारापाशी, बंदुकीकडे पाठ करून. ती डबा घेऊन कारखान्यात आली की अशीच बसायची. तिच्या शेजारी तेलाची बाटली होती.

"आबा, काय लावलात?"

"जा चांगला निघाला ता लावलंय. मेणाचो थर जाड बसता. मग नळी परत हलतली. तेलाचो थर केसाइतको पण नाय."

"मास्तर मेण म्हणाले होते."

"मास्तर मेस्त्री आसत काय? मी मेस्त्री आसय."

मी दस्त्यावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखं. पट्टीवर चिमूटभर मिश्रण होतं, ते तापलं नव्हतं. इथे खाच भरून होतं, आणि जास्त मिश्रण एकत्र आलं की ते स्वतःच तापतं. हे आम्हा दोघांना तेव्हा कुठे ठाऊक? पण कडेनं बघितलं तर नळीच्या खालून तेल पाझरत होतं. पांढरं नाही, पातळ, पाण्यासारखं. गोठलेलं तेल आत वितळून पोलादावरून वाहून चाललं होतं, आणि मिश्रणानं एव्हाना घट्ट धरलं होतं. मी आबांकडे बघितलं. त्यांनाही ते दिसलं होतं. बिडी त्यांच्या बोटांत तशीच जळत होती.

घरी कमलनं भात आणि कुळथाची पिठी केली होती. आबांनी भात कालवला आणि ताटावरून उठले. मला माहीत होतं, सकाळी काय होणार ते. त्यांनाही माहीत होतं. तरी माणूस आशा करतो. कमलच्या शेवटच्या महिन्यांत डॉक्टर काय सांगणार हे मला असंच आधी माहीत असायचं, तरी मी प्रत्येक वेळेला केस विंचरून, चांगला शर्ट घालून जायचो. जणू काय शर्ट बघून तो वेगळं सांगणार होता.

सकाळी स्क्रू काढले. ते निघाले. मातीनं भोकं नीट बुजवली होती, तेवढं काम चोख होतं. आबांनी नळी धरली आणि वर उचलली. दस्ता तिच्याबरोबर वर आला. लाकडी हातोडीनं हलकेच मारलं, मग जरा जोरात. काहीच नाही. ठोकल्यावर जो आवाज यायला हवा तो पण येत नव्हता, भरलेल्या पिंपावर मारल्यासारखा बद्द आवाज. मी म्हटलं, "आबा, थांबा, फुटेल." ते थांबले. हातोडी खाली ठेवली, हत्यारं पुसून एकेक पेटीत ठेवली, पेटीची कडी लावली. मग भिंतीला टेकून बसले आणि दाराकडे बघत राहिले. जाळीच्या दारातून रस्ता दिसत होता, आरेकडे जाणारा. मी त्यांच्याशी बोलत होतो, काय बोलत होतो आठवत नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी चप्पल ओढून पायात घातली आणि पेटी उचलली.

मला रायफलीचं काही वाटेनासं झालं. साहेब येईल, ओरडेल, मास्तर मला काढतील, काढू देत. मी दाराच्या आडवा उभा राहिलो. स्वतःच्या बापाला आडवा. "खंय चाललात?" मी विचारलं. "आलंय," ते म्हणाले. चाळीतला तो माणूस हेच म्हणून गेला होता. दाराची जाळी मी दोन्ही हातांनी धरली होती.

तेवढ्यात बाहेरून मास्तरांची सायकल आली, आणि मागोमाग डबा घेऊन कमल. मास्तरांनी एका नजरेत सगळं बघितलं. मला बाजूला सारून आत आले आणि नळी उचलली, दस्ताही वर आला. कडेवर बोट फिरवून त्यांनी नाकाशी धरलं. वासावरून काय ते कळलंच. त्यांची मान लाल झाली.

"तेल कोणी लावला?"

आबा उभे होते, पायात चप्पल, हातात पेटी. पेटीची कडी ते बोटानं चाचपत होते. मी "मास्तर" म्हणायला लागलो.

"मी लावलं," कमल म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती दारातच, डबा छातीशी धरून. तोंड पांढरं पडलेलं.

"तू?"

"हो. आबा पाणी प्यायला गेले होते. मला वाटलं, लोखंड आहे, गंजेल. घरी विळीला लावतो ना आपण, तसं बोटानं लावलं. बाटली माझीच आहे. वास घ्या हवं तर माझ्या केसांचा."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. ही बाई इथे आली की बंदुकीकडे पाठ करून बसते हे त्यांनी रोज बघितलं होतं. तिनं त्या पोलादाला बोट लावलं असतं तर सूर्य पश्चिमेला उगवला असता. त्यांनी आबांच्या पायातल्या चपला बघितल्या, पेटी बघितली, माझ्याकडे बघितलं. मी अजून दारात आडवाच होतो. मग जी काही शिवी त्यांनी दिली ती मी इथे लिहीत नाही. दिली मात्र छताकडे बघून. "बायकांका कारखान्यात घेवचा नाय, ह्या मी पलटणीत शिकलंय आणि इसारलंय! वश्या, खांबासारखो काय उभो? मासळीबाजारातसून बर्फ आण. मोठी लादी. आणि मेस्त्री, तुमी ती पेटी खाली ठेवा. खंय काशीक चललात काय?"

मी पळालो. कोळणी विचारत होत्या, काय रे, मासे कुठायत? गोणपाटात गुंडाळलेली लादी खांद्यावर घेऊन आलो, पाठ बधिर झाली होती. मास्तरांनी रायफल प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधली, जुन्या टबात फोडलेल्या बर्फात आडवी पुरली, वरून भुसा घातला. पोलाद गारठलं की आकसतं, लाकडापेक्षा जास्त. तेल जिथे थोडंफार राहिलं असेल तिथून ते सुटेल. "सुटला तर," मास्तर म्हणाले. मग आम्ही बसलो. कमल पण बसली, या वेळेला टबाकडे तोंड करून. मास्तरांनी तिचा डबा उघडला आणि न विचारता खायला लागले. "भाकरी नकाशो आसा," ते म्हणाले. कमल म्हणाली, "शिजलीय." कुणीच हसलं नाही.

मी आबांच्या आणि दाराच्या मध्ये बसलो होतो. असं वाट बघत बसणं मी आयुष्यात दोनदाच केलं. दुसऱ्या वेळेला, कमलच्या उशाशी, बर्फाचा उपयोग नव्हता.

शेवटी मास्तरांनी रायफल काढली. नळीला चामड्याचा पट्टा बांधला, दस्ता शिकंज्यात फडकी घालून धरला आणि हातोडी आबांच्या पुढे केली. आबांनी मान हलवली, नको. "धरा," मास्तर म्हणाले. "लाकूड तुमचा. ता खंय ऐकता ता तुमकाच कळतला." आबांनी हातोडी घेतली. पहिला टोला बद्द. दुसरा बद्द. त्यांनी कान दस्त्याला लावला, बोटानं चाचपत पुढे सरकले आणि एका जागी, नळीच्या मुळाशी, हलकाच टोला दिला. कट् असा आवाज झाला. कमल किंचाळली, तिला वाटलं बार उडाला. पोलाद सुटलं होतं. एका बाजूनं लाकडाची बोटभर कपची घेऊन सुटलं, पण सुटलं.

मास्तरांनी ती कपची उचलून आबांच्या हातात ठेवली. "ही परत बसवा, जोड दिसूक नये. साहेबाक मी दोन दिवस पुढे ढकलतंय. मग सगळा खरवडून नवीन भरा. आणि मेण, मेस्त्री. मेण!" एवढंच. ठेवतो, काढतो, काही म्हणाले नाहीत. आबांनी कपची उजेडात धरून तिच्या रेषा बघितल्या आणि पेटीची कडी परत उघडली.

संध्याकाळी आम्ही तिघं चालत निघालो. आबा पुढे, आम्ही मागे. आरेच्या झाडांतून थंडी उतरत होती, गोठ्यांकडून शेणाचा आणि पेंडीचा वास येत होता. मग आबा मागे न बघता म्हणाले, "खोटां कित्याक बोललंस?"

कमल म्हणाली, "मग काय करू? तुम्ही दाराकडे बघत होतात."

आबांची चाल जरा मंदावली, परत सुरू झाली. पुढच्या दिव्यापाशी ते म्हणाले, "परवा मेण लावतलंय. तेव्हा तू ये. खंय लावचा रवला काय बघूक होया. माझी नजर पयल्यासारखी नाय."

"मी नाही यायची," ती म्हणाली. "मला भीती वाटते त्या बंदुकीची."

"माका पण," आबा म्हणाले आणि चालत राहिले.